जुन्या जहाजाला दिलेली सवलत

प्रवासी जहाजांचे सुरक्षा-नियम कडक करायची वेळ आली की मालकांच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. नव्या नियमांचा खर्च मोठ्या कंपनीला झेपेल, पण एक-दोन बोटींवर धंदा करणारा छोटा मालक उठून जाईल. मग मार्गावर एकच कंपनी उरेल आणि ती मनाला येईल ते भाडे लावेल. म्हणजे सुरक्षेच्या नावाने मक्तेदारी येईल आणि तिची किंमत शेवटी प्रवाशालाच मोजावी लागेल. हा युक्तिवाद खोटा नाही. इतिहासात असे घडले आहे आणि त्याची उदाहरणे पुढे येतीलच. पण तो अर्धा आहे. या धंद्यातली स्पर्धा नियमांनी जितकी बिघडवली, त्याहून कितीतरी जास्त ती नियमांतल्या सवलतींनी बिघडवली, असे माझे ठाम मत आहे. जहाज जुने म्हणून सूट, मार्ग देशातल्या देशात म्हणून सूट, समुद्र तिकडे शांत असतो म्हणून सूट, मालकांनी मुदत मागितली म्हणून आणखी काही वर्षे सूट. प्रत्येक सवलत छोट्या मालकाच्या नावाने मागितली जाते. तिचा पहिला फटका बसतो तो नवे, सुरक्षित जहाज घेऊन त्याच मार्गावर उतरू पाहणाऱ्याला, आणि दुसरा प्रवाशाला.

मुळात नियमांची गरज का पडते? तिकीट काढताना प्रवाशाला भाडे दिसते, सुटायची वेळ दिसते, केबिन दिसते. जहाजाच्या पोटातल्या पाणी अडवणाऱ्या भिंती किती उंच नेल्या आहेत, आगीचे दरवाजे खरेच बंद होतात का, खलाशांनी शेवटचा सराव कधी केला, हे त्याला दिसत नाही आणि कोणी सांगितले तरी त्याचा अर्थ लावता येत नाही. त्यामुळे या न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करणाऱ्या मालकाचे तिकीट महाग होते, पण त्या बदल्यात त्याला एकही जास्तीचे गिऱ्हाईक मिळत नाही. प्रतिस्पर्धी तोच खर्च वाचवतो आणि भाडे उतरवतो. चांगल्या मालकाला चांगले राहणे परवडावे यासाठी तरी सर्वांना सारखा नियम हवा. टायटॅनिकचे उदाहरण सर्वांना माहीत असते ते अपुऱ्या जीवरक्षक नौकांसाठी. पण ते जहाज नियम मोडून निघाले नव्हते. ब्रिटनचा 1894 चा नियम 10,000 टन आणि त्यावरच्या सर्व जहाजांना एकाच मापाने मोजत होता. टायटॅनिक 46,000 टनांहून मोठे होते. त्यावरच्या 20 नौकांत 1,178 जणांची सोय होती, म्हणजे नियमाने मागितलेल्यापेक्षा जास्तच, आणि जहाजावर होते सुमारे 2,200 लोक. अटलांटिकवर तेव्हा वेगाची आणि ऐषारामाची जीवघेणी स्पर्धा चालू होती. त्या स्पर्धेत जास्तीच्या नौका ठेवल्या म्हणून कोणाला जास्तीचे तिकीट विकता येत नव्हते. 1914 मध्ये लंडनला झालेला समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार, ज्याला आज सोलास म्हणतात, तो याच अनुभवातून आला.

6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून सुटलेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही गाड्या वाहणारी फेरी पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत आडवी झाली. 193 माणसे गेली. चौकशीत जे बाहेर आले ते वाचून आजही संताप येतो. दरवाजा बंद झाला की नाही हे कप्तानाला कळावे म्हणून त्याच्यापुढे एक दिवा बसवा, अशी मागणी कंपनीच्याच कप्तानांनी आधी केली होती आणि किनाऱ्यावरच्या साहेबांनी ती थट्टेवारी नेली होती. त्याच कंपनीत झीब्रुगहून उशिरा निघणे चालणार नाही, उलट 15 मिनिटे आधीच निघायचे, असा लेखी तगादा लावला जात होता. इंग्लिश खाडीवरच्या फेऱ्यांत मिनिटामिनिटाची स्पर्धा होती. अपघातानंतर काही दिवसांतच कंपनीच्या तशाच इतर जहाजांवर ते दिवे बसले. म्हणजे खर्चाची अडचण नव्हतीच. दिवा बसवला नाही म्हणून कोणी जाब विचारणार नव्हते, एवढेच.

यावरून स्पर्धा हीच गुन्हेगार, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. 16 एप्रिल 2014 ला दक्षिण कोरियाची 'सेवॉल' बुडाली आणि 304 जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक शाळेच्या सहलीला निघालेली मुले होती. इंचॉन ते जेजू या मार्गावर त्या कंपनीला प्रतिस्पर्धीच नव्हता. तरीही तिने नियमाने 987 टन माल न्यायचा तिथे 2,142 टन भरला आणि जहाज वरून जड झाल्यावर तोल सांभाळणारे तळाचे पाणी कमी केले. जहाज 1994 चे, जपानमध्ये 18 वर्षे चाललेले. कोरियात प्रवासी जहाजांच्या वयाची मर्यादा 2009 मध्ये 30 वर्षांपर्यंत वाढवली होती, ती उद्योगाला दिलासा म्हणून. त्याआधीची मर्यादा कायम असती तर 2012 मध्ये एवढे जुने जहाज विकत घेऊन, त्यावर जास्तीच्या केबिन चढवून धंद्यात उतरवायचा हिशेब जमलाच नसता, कारण ते चालवायला जेमतेम सात वर्षे उरली असती. भरीस भर म्हणजे सुटण्यापूर्वी माल नीट बांधला आहे का, जास्त भरला आहे का, हे तपासायचे काम जहाजमालकांच्याच संघटनेकडे होते.

आता मालकांच्या युक्तिवादातला खरा भाग पाहू, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ब्रिटनने 1803 मध्ये प्रवासी जहाजांचा पहिला कायदा केला. स्थलांतरितांना जहाजाच्या पोटात जनावरांसारखे कोंबत होते. कायद्याने टनेजच्या प्रमाणात माणसांची संख्या बांधून दिली, दोन टनांमागे एक माणूस. कागदावर हे सगळे माणुसकीचे होते. पण कायद्यासाठी जोर लावणाऱ्यांत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले जमीनदार होते. त्यांना समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकायच्या धंद्यासाठी स्वस्त मजूर हवे होते आणि ते मजूर कॅनडाला निघून चालले होते. कायदा झाला आणि तीन-चार पौंडांचे भाडे दहा पौंडांच्या घरात गेले. गरीब कुटुंबाला निघणेच अशक्य झाले. सुरक्षेचा नियम दुसऱ्याच कोणाच्या सोयीसाठी वापरला जाऊ शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. मात्र या गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा बहुतेक वेळा राहून जातो. 1827 मध्ये हे कायदे रद्द केले गेले. व्यापार मोकळा, प्रवासी मोकळे. एका हंगामात जहाजांवर रोगराईने इतके हाल झाले की 1828 मध्ये संसदेला पुन्हा कायदा आणावा लागला. नियम कोणी मागितला आणि का मागितला, हे विचारायलाच हवे. त्यावरून नियमच नको, असे मात्र ठरत नाही.

सवलतीचा खरा चेहरा पाहायचा तर 1965 सालच्या मायामी बंदरात जावे लागते. तिथून बहामाला छोट्या सहलीची जहाजे सुटत. अमेरिकेने 1934 मध्ये 'मॉरो कॅसल' या जहाजाच्या आगीत 137 माणसे गमावल्यावर स्वतःच्या ध्वजाखालच्या, म्हणजे स्वतःकडे नोंदणी असलेल्या जहाजांवर न जळणाऱ्या साहित्याचा आग्रह धरला होता. 1952 मध्ये पहिल्या प्रवासाला निघालेल्या 'युनायटेड स्टेट्स' या जहाजात तर लाकूड जवळजवळ वापरलेच नव्हते. पण मायामीतून सुटणारे 'यार्मथ कॅसल' 1927 साली बांधलेले होते. ते आधी अमेरिकी होते, आता त्यावर पनामाचा ध्वज होता. वरचे मजले लाकडी, रंगांचे थरावर थर चढलेले, आणि आंतरराष्ट्रीय करारात जुन्या जहाजांना नव्या निकषांतून मोकळीक होती. 13 नोव्हेंबर 1965 च्या पहाटे गाद्या ठेवलेल्या एका खोलीतून आग पसरली आणि 90 जणांचा बळी गेला.

त्या बंदरातल्या स्पर्धेचा विचार करा. एका बाजूला आगीला दाद न देणारे जहाज बांधणाऱ्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळालेले लाकडी जहाज. दोघांनाही तोच धक्का, तेच गिऱ्हाईक, तेच बेट. अमेरिकी जहाजे महाग पडण्याला पगारांसारखी इतरही कारणे होती, हे खरे. तरीपण ही लढत बरोबरीची होती असे कोणी म्हणणार नाही. आणि ती बिघडवली होती सवलतीने.

पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की आमच्या बंदरातून प्रवासी घ्यायचे तर ध्वज कोणाचाही असो, आगीचे नवे निकष पाळावे लागतील, भरपाई देण्याची ऐपत सिद्ध करावी लागेल आणि जाहिरातीत जहाजाची नोंदणी कोणत्या देशातली आहे हे छापावे लागेल. यातले शेवटचे कलम मला फार मोलाचे वाटते, कारण न दिसणारी गोष्ट त्याने थोडी तरी दिसती केली. मग छोटे, नवखे मालक संपले का? त्याच 1966 च्या डिसेंबरात नॉर्वेच्या क्नुट क्लॉस्टर यांचे नवे कोरे 'सनवर्ड' मायामीतून सुटू लागले. 1970 मध्ये 'साँग ऑफ नॉर्वे' आले आणि त्यामागची रॉयल कॅरिबियन ही कंपनी तेव्हा अगदीच नवी होती. आज बलाढ्य म्हणून मोजल्या जाणाऱ्या या दोन्ही कंपन्यांचे मूळ त्या काळात आहे. त्यांच्या यशाला विमानप्रवास स्वस्त होण्यापासून अनेक कारणे आहेत. पण जुन्या लाकडी जहाजांशी भाड्यात झुंजावे लागले नाही, हे त्यांतले एक होते असे मी मानतो.

या कायद्यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. कडक नियम केले की धंदा दुसऱ्या देशात निघून जाईल, ही भीती कारखान्यांच्या बाबतीत खरी ठरू शकते. प्रवासी जहाजाच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. मालक ध्वज बदलू शकतो, कंपनीचा पत्ता बदलू शकतो, खलाशी दुसऱ्या देशातून आणू शकतो. प्रवासी मात्र ज्या बंदरात उभा आहे तिथूनच चढणार. जहाजाला त्याच्याकडे यावेच लागते. म्हणून बंदराच्या देशाकडे प्रचंड ताकद असते आणि ती वापरायला तो देश सहसा कचरतो. युरोपातल्या देशांनी 1982 मध्ये पॅरिसला केलेल्या समझोत्यानुसार परदेशी जहाजांची बंदरात तपासणी होते, दोष गंभीर असेल तर जहाज अडकवून ठेवतात आणि कोणते जहाज अडकले हे जाहीर करतात. स्पर्धेच्या दृष्टीने याचा परिणाम भाषणांपेक्षा मोठा आहे. अडकलेल्या जहाजाचा एक दिवस बुडाला की काटकसरीचा सगळा हिशेब उलटतो.

मालकांची बाजू सर्वांत बळकट ठरते ती 2010 च्या मुदतीबाबत. 7 एप्रिल 1990 ला 'स्कँडिनेव्हियन स्टार' या फेरीला आग लागून 159 माणसे गेली. जहाज त्या मार्गावर काही दिवसांपूर्वीच आणले होते आणि खलाशांची जहाजाशी नीट ओळखही झालेली नव्हती. त्यानंतर 1992 मध्ये सोलासमध्ये ठरले की जुन्या प्रवासी जहाजांनीही टप्प्याटप्प्याने आगीचे नवे निकष गाठावेत आणि 1 ऑक्टोबर 2010 नंतर जळणारे बांधकाम साहित्य असलेले जहाज आंतरराष्ट्रीय मार्गावर दिसू नये. या मुदतीने अनेक देखणी जुनी जहाजे मोडीत गेली. 1965 चे 'सागाफ्योर्ड', जे शेवटी 'सागा रोझ' या नावाने चालत होते, ते 2009 च्या अखेरीस थांबले. जुने जहाज स्वस्तात घेऊन नवख्याने धंद्यात शिरायचे, हा रस्ता त्यामुळे अरुंद झाला. हा रस्ता काही काल्पनिक नाही. आजची सर्वांत मोठी क्रूझ कंपनी कार्निव्हल 1972 मध्ये 1961 सालच्या एका वापरलेल्या जहाजावरच सुरू झाली होती. आज क्रूझच्या जगात मोजकेच समूह बहुतेक बाजार धरून आहेत, त्यात या मुदतीचाही वाटा असणार. मी तो नाकारत नाही.

पण 2010 ची मुदत 18 वर्षे आधी जाहीर झालेली होती आणि तिच्याबद्दल माझी तक्रार असेल तर ती एवढा काळ प्रवाशांनी जळाऊ जहाजांतून प्रवास केला, ही आहे. मालकाच्या बाजूने पाहता ती न्याय्य होती. तारीख सर्वांना ठाऊक, सर्वांना तीच. ज्याने वेळेत खर्च केला त्याला शेवटी त्याचा मोबदला मिळाला. याउलट मुदत संपत आली की "थोडी वाढवा" म्हणून शिष्टमंडळे जातात आणि ती वाढते, तेव्हा कोण मार खातो? वेळेत कर्ज काढून जहाज सुधारणारा मालक. तो बहुधा छोटाच असतो. त्याचे हप्ते चालू असतात आणि शेजारचा काहीही न करता त्याच्यापेक्षा कमी भाड्यात माणसे नेत असतो. पुढच्या वेळी नियम आला की तोही थांबायला शिकतो. मुदतवाढीची ही सवय सुरक्षेइतकीच धंद्यातल्या विश्वासाची हानी करते.

सवलत फक्त वयाची नसते, भूगोलाचीही असते. 28 सप्टेंबर 1994 ला बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' बुडाली, 852 माणसे गेली. जहाजाचा वर उचलला जाणारा पुढचा भाग तुटला, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरले आणि त्या मोकळ्या, भिंती नसलेल्या डेकवर ते इकडून तिकडे खेळू लागल्यावर जहाज कलंडायला वेळ लागला नाही. उत्तर-पश्चिम युरोपातल्या देशांनी 1996 मध्ये स्टॉकहोमला करार केला की गाड्यांच्या डेकवर 50 सेंटीमीटरपर्यंत पाणी साचले तरी फेरी तरली पाहिजे. भूमध्य समुद्राकडचे देश त्यात नव्हते. तिकडचा समुद्र सौम्य, असे म्हटले गेले. संपूर्ण युरोपीय संघाला तो नियम 2003 च्या निर्देशाने लागू झाला आणि जुन्या फेऱ्यांना त्यानंतरही वर्षानुवर्षांची सूट मिळाली. उत्तरेत ज्या जहाजावर मोठा खर्च केल्याशिवाय चालता येत नव्हते, ते दक्षिणेत खुशाल चालवता येत होते. आणि युरोपने नको म्हटलेल्या जहाजाला त्याच्याही दक्षिणेला गिऱ्हाईक होतेच.

'अल-सलाम बोकाचियो 98' हे जहाज 1970 साली इटलीत बांधलेले. तिथे आयुष्य काढल्यावर, वर जास्तीचे मजले चढवलेल्या स्थितीत, ते पनामाच्या ध्वजाखाली तांबड्या समुद्रात आले. 2-3 फेब्रुवारी 2006 च्या रात्री सौदी अरेबियाहून इजिप्तकडे येताना गाड्यांच्या डेकवर आग लागली. आग विझवायला मारलेले पाणी बाहेर पडेना, ते डेकवरच साचले आणि जहाज कलंडले. सुमारे 1,000 माणसे बुडाली, त्यांत आखातात मजुरी करून घरी निघालेले किती तरी होते. डेकवर साचलेले पाणी. स्टॉकहोमला दहा वर्षांपूर्वी ज्याचा हिशेब मांडला होता, तेच. श्रीमंत समुद्रांवर नियम कडक होतात तेव्हा नापास झालेली जहाजे भंगारात जात नाहीत, गरीब समुद्रांवर जातात. तिथल्या नव्या जहाजाच्या मालकाला मग याच उतरलेल्या किमतीशी स्पर्धा करावी लागते. अशा बाजारात नवे जहाज येणार कसे?

नियमांत आकड्यांच्या सीमारेषाही असतात आणि धंदा त्या रेषांना टेकून उभा राहतो. 12 पेक्षा जास्त प्रवासी असले तरच जहाज सोलासच्या लेखी 'प्रवासी जहाज' ठरते. म्हणून मालवाहू जहाजे 12 पर्यंतच प्रवासी घेतात आणि भाड्याने मिळणाऱ्या आलिशान यॉटवर 12 पाहुण्यांचीच सोय असते. 2010 पासून 120 मीटर आणि त्याहून लांब नव्या प्रवासी जहाजांना आग किंवा पाणी शिरल्यावरही स्वतःच्या बळावर बंदर गाठता येईल अशी यंत्रणा लागते, तेव्हा त्याहून आखूड जहाज बांधण्यात साहजिकच फायदा आला. रेषा कुठे तरी आखावीच लागते. ती आखताना अलीकडे आणि पलीकडे कोणाचा धंदा उभा राहील, हेही पाहिले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

तपासणी कोण करतो, हा प्रश्न याहून गंभीर आहे. बहुतेक देश जहाज तपासून प्रमाणपत्र द्यायचे काम वर्गीकरण संस्थांवर सोपवतात. या संस्था अनुभवी आहेत, त्यांच्यामुळे जहाजबांधणीत फार मोठी सुधारणा झाली, हे मान्य. पण त्यांची फी जहाजमालक देतो आणि एक संस्था नडली तर दुसरीकडे जायची त्याला मुभा असते. विद्यार्थ्याने परीक्षक निवडावा, फी द्यावी आणि मार्क कमी पडले तर परीक्षक बदलावा, असाच हा प्रकार. स्पर्धा कुठे हवी आणि कुठे नको, याचा विचार करताना मी तरी ही जागा पहिल्या 'नको'त टाकेन. सर्व्हेअरची नेमणूक आणि फी सरकारी खात्यामार्फत ठरली, मालकाने फक्त पैसे भरले, तर संस्था मालकाला खूश ठेवण्याच्या दबावातून सुटतील आणि कडक सर्व्हेअर असलेल्या संस्थेला गिऱ्हाईक गमवायची भीती राहणार नाही.

लोखंडाइतकाच खलाशीही सुरक्षेचा भाग आहे आणि स्पर्धेची सगळ्यात सोपी कात्री त्याच्यावर चालते. 17 मार्च 2022 ला पी अँड ओ फेरीजने 786 खलाशांना एका रेकॉर्ड केलेल्या संदेशातून कामावरून काढले आणि एजन्सीमार्फत स्वस्त खलाशी आणले. काही दिवसांतच तपासनीसांनी कंपनीची 'युरोपियन कॉजवे' लार्न बंदरात आणि 'प्राइड ऑफ केंट' डोव्हरला अडकवली. खलाशांना जहाजाची पुरेशी ओळख आणि प्रशिक्षण नाही, हे त्यामागे होते. 'स्कँडिनेव्हियन स्टार'ला 32 वर्षे झाली होती. नवख्या हातांनी जहाज लगेच चालवता येत नाही, हा नियम तिथे होता आणि तपासनीस धक्क्यावर होता, म्हणून गोष्ट अडकवण्यावर थांबली. जुन्या, सरावलेल्या खलाशांना पूर्ण पगार देणाऱ्या कंपनीला अशा स्वस्ताईशी झुंजावे लागते. तिचे रक्षण करायचे तर दुसरा उपाय काय होता? पुढे ब्रिटनने 2023 मध्ये खलाशांच्या किमान वेतनाचा कायदा केला, तो यासाठीच.

छोट्या मालकाची एक तक्रार मात्र मला पूर्ण पटते, ती कागदांची. प्रवासी जहाजांना 1998 पासून सुरक्षा-व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू आहे. 'हेरल्ड'सारख्या अपघातांतून ती आली आणि किनाऱ्यावरच्या साहेबालाही जबाबदार धरणारी म्हणून ती योग्यच आहे. पण कार्यपद्धतींचे ग्रंथ, ऑडिट, नोंदी यांचा भार 40 जहाजांच्या कंपनीला आणि एका जहाजाच्या मालकाला सारखाच नसतो. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळे खाते असते, छोट्याकडे बहुधा कप्तानच रात्री बसून रकाने भरतो. सवलत द्यायची तर इथे द्या. तयार नमुने द्या, ऑडिटची फी बोटीच्या आकारावर ठरवा, प्रशिक्षणाचा खर्च सरकारने उचला. बोटीची भिंत, आगीचा दरवाजा, लाइफजॅकेट आणि माणसांची संख्या यांत मात्र छोटा-मोठा भेद नको. छोट्या बोटीतला माणूसही तितक्याच वेळात बुडतो.

उरतो तो सर्वांत अवघड प्रश्न. सोलास फक्त आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होतो. देशातल्या देशात, नदी-तलावांवर, बेटांच्या मधे चालणाऱ्या बोटी ज्या त्या सरकारवर सोडलेल्या आहेत आणि गेल्या काही दशकांतले सर्वांत भीषण अपघात याच बोटींचे आहेत. फिलिपिन्सची 'दोन्या पाझ' 20 डिसेंबर 1987 ला तेलवाहू जहाजाला धडकली तेव्हा तिला 1,518 प्रवाशांचा परवाना होता आणि बळी गेले 4,000 हून जास्त. सेनेगलची 'ल जूला' 26 सप्टेंबर 2002 ला उलटली. साधारण साडेपाचशे माणसांच्या जहाजावर तिप्पट गर्दी होती, 1,800 हून अधिक बुडाले. ती सरकारी होती, लष्कर चालवत होते, स्पर्धकाचा प्रश्नच नव्हता. दक्षिणेकडच्या कासामान्स प्रांतातल्या लोकांना राजधानीला जायला रस्ता दुसऱ्या देशातून होता, तो वेळखाऊ आणि धोक्याचा. दुरुस्तीसाठी वर्षाहून अधिक काळ बंद असलेले जहाज परत आले आणि लोक त्यावर तुटून पडले.

अशा मार्गावर नियम कडक करून बोटी थांबवल्या तर लोक थांबत नाहीत. ते मिळेल त्या होडीत बसतात. 1803 च्या कायद्याने गरिबाचा रस्ताच बंद केला होता, तीच चूक इथे वेगळ्या रूपात होऊ शकते. म्हणून सवलत द्या, असे इथे म्हटले जाते आणि इथेच माझा विरोध आहे. रस्ते आणि पूल बांधताना वाहनधारकाकडून पूर्ण खर्च वसूल होईल का, असे दर वेळी कोणी विचारत नाही. बेटावरच्या माणसाचा रस्ता म्हणजे ती बोट. तिला सुरक्षित ठेवायचा जास्तीचा खर्च तिकिटातून निघत नसेल तर तो सरकारी तिजोरीतून आला पाहिजे. सेनेगलने 'ल जूला'नंतर हेच केले. जर्मनीत बांधलेले 'अलीन सितोए जात्ता' हे नवे जहाज 2008 मध्ये त्या मार्गावर आले. आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, 2022 मध्ये देशांतर्गत फेऱ्यांसाठी नमुना नियम तयार केले आहेत. ते कोणावर बंधनकारक नाहीत. पण ज्या सरकारकडे स्वतःचे तज्ज्ञ नाहीत त्यांना सुरुवात कुठून करायची हे आता शोधावे लागत नाही.

सरकारी पैसा आला म्हणून स्पर्धा संपायला हवी असे नाही. एकाच मार्गावर चार बोटी एकमेकींच्या पुढे धावून प्रवासी भरतात, त्यापेक्षा मार्ग मिळवण्यासाठी मालकांनी निविदेत झुंजावे. नॉर्वेत फियॉर्ड ओलांडणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या याच पद्धतीने चालतात. जहाज कसे हवे, खलाशी किती हवेत, हे सरकार आधी ठरवते आणि त्यानंतर भाव मागते. यात कंत्राटाची मुदत फार महत्त्वाची असते. बॅटरीवर चालणारी पहिली मोठी फेरी 'अँपिअर' 2015 मध्ये नॉर्वेत धावू लागली, ती अशाच निविदेतून आणि दहा वर्षांच्या हमीवर. तेवढी हमी होती म्हणून नव्या जहाजाला कर्ज देणारा मिळाला. दोन-तीन वर्षांची निविदा काढली तर कोणताही शहाणा मालक नवे जहाज बांधणार नाही, तो जुन्या बाजारातली पस्तीस वर्षांची बोट घेऊन येईल, वर तिच्यासाठी सूटही मागेल. आणि मार्ग बंद पडू नये म्हणून ती त्याला द्यावी लागेल.